एचटीटीपी/३ लायब्ररीत घातलं, बागेत मस्त चालतं पण एका वायफायवर अपलोड लटकतं

केळीपट्टा_सीपीपी, जळगाव

राम राम मंडळी. जरा लांब लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आम्ही चार जण मिळून केळीच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. रावेर-यावल पट्ट्यात कापणी चालू असते तिथं बागेत आमचं ॲप घेऊन एक पोरगा उभा असतो, तो घडांचे फोटो काढतो, काट्याच्या पावतीचा फोटो काढतो, गाडीनंबर टाकतो आणि पाठवतो, तिकडे व्यापारी फोटो बघून भाव पक्का करतो आणि मगच गाडी हलते. म्हणजे फोटो वीस मिनिटं अडकला की भरलेली गाडी वीस मिनिटं उन्हात उभी, आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते इथं सगळ्यांना माहितीये, केळीला ते सोसत नाही.

अँड्रॉइड ॲप आणि काट्यावरचा विंडोज प्रोग्राम, दोघांखाली आमची एकच सी++ लायब्ररी आहे, तिच्या आत लिबकर्ल, म्हणजे एचटीटीपीनं डेटा पाठवणारी तयार लायब्ररी. ॲप इतके दिवस एचटीटीपी/२ वर होतं, ते टीसीपीवरून चालतं. अडचण अशी की रावेरहून पालच्या रस्त्याला लागलं की सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज येते-जाते, आणि आम्ही पाच-सहा फोटो एकाच कनेक्शनवर एकदम सोडतो, एक पॅकेट हरवलं की त्या टीसीपी कनेक्शनवरचे सगळेच फोटो थांबतात कारण टीसीपीला बाइट क्रमानंच पुढे द्यायचे असतात, मागचा तुकडा येईपर्यंत पुढचे आलेले असूनही पडून राहतात. एचटीटीपी/३ टीसीपीऐवजी यूडीपीवरच्या क्विक प्रोटोकॉलवर चालतं, आणि क्विकमध्ये प्रत्येक स्ट्रीम, म्हणजे प्रत्येक फोटोचा प्रवाह, वेगळा चालतो, ज्या फोटोचं पॅकेट हरवलं तोच थांबतो, म्हणून एचटीटीपी/३ घालायचं ठरवलं. एनजीटीसीपी२ आणि एनजीएचटीटीपी३ या क्विक आणि ३ च्या लायब्ररी घेऊन लिबकर्ल बांधलं. सर्व्हर सीडीएनच्या (मधल्या भाड्याच्या सर्व्हरांच्या जाळ्याच्या) मागे आहे आणि तिथं एचटीटीपी/३ आधीच चालू होतं.

बागेत फरक डोळ्यानं दिसला, पहिला फोटो पटकन सुरू होतो आणि रेंज डचमळली तरी अपलोडचे सगळे गोल एकदम गोठत नाहीत. मग एका खरेदीदाराच्या ऑफिसातून फोन आला की ॲप बंद पडलंय. मी स्वतः गेलो. त्यांच्या वायफायवर फोन लावला, फोटो निवडला, गोल फिरत राहिला, बरोबर ३० सेकंदांनी लाल पट्टी, आतला एरर २८, म्हणजे टाइमआउट. वायफाय बंद करून मोबाइल नेट चालू केलं तर दोन सेकंदात गेला. तिथल्या नेटवर्क बघणाऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला आमच्याकडे टीसीपीचे ८० आणि ४४३ उघडे, यूडीपीत फक्त डीएनएस सोडलंय, बाकी सगळं बंद.

आता प्रश्न. अशा ठिकाणी लायब्ररीनं काय करायला पाहिजे? आणि एचटीटीपी/३ डिफॉल्ट ठेवावं की ॲप लिहिणाऱ्यानं मागितलं तरच द्यावं? माझा साथीदार म्हणतो काढून टाक, २ वर काय वाईट चाललं होतं. मला काढायचं नाहीये, बागेतला फरक मी बघितलाय.


तापीकाठ, शहादा

भो, एकच सांग, व्हर्जनच्या ऑप्शनला कोणता कॉन्स्टंट दिलाय? शेवटी "३ओन्ली" आहे का नुसता "३"?

नुसत्या ३ मध्ये लिबकर्ल आधी क्विकनं जोडायला बघतं आणि नाही जमलं तर २ किंवा १.१ वर येतं. ३ओन्ली म्हणजे जमलं तर ३, नाही तर काहीच नाही. नावावरून वाटतं की "मला ३ पाहिजे" असं सांगतोय, पण खरं तर आपण खाली उतरायची शिडीच काढून घेतो. तुझे ३० सेकंद म्हणजे तूच लावलेला कनेक्ट टाइमआउट असणार.


केळीपट्टा_सीपीपी, जळगाव

३ओन्लीच आहे दादा. टेस्टिंगच्या वेळी खात्री पाहिजे होती की खरंच ३ वरूनच जातंय म्हणून लावला आणि तसाच पुढे गेला. बठ्ठं त्या एका शब्दानं करेल शे.

नुसता ३ लावून आज परत त्या ऑफिसात जाऊन आलो. फोटो गेला. पण मनात शंका राहिलीच, कारण आता प्रत्येक नव्या कनेक्शनला आधी यूडीपीवर हाका मारायच्या, उत्तर नाही आलं की टीसीपी, असं रोज दिवसभर चालणार त्या वायफायवर. आणि मधेच यूडीपी बंद झालं तर? हँडशेक (सुरुवातीची जोडणी) झाला, अर्धा फोटो गेला आणि मग गप्प. तेव्हा कोण उतरणार खाली?


लोकोशेड_नेट, भुसावळ

हा प्रश्न मनापासून आवडला. बहुतेक लोक पहिल्या हँडशेकपर्यंतच विचार करतात. मी दोन वर्षं हेच काम केलंय, वेगळ्या धंद्यासाठी, म्हणून सविस्तर लिहितो.

एचटीटीपी/३ लायब्ररीत घालणं म्हणजे खरं तर नीट खाली उतरता येणं. क्विक बोलणारा कोड तयार मिळतो, स्पेसिफिकेशन स्थिर आहे, क्विकचं आरएफसी ९००० मे २०२१ मध्ये आलं, एचटीटीपी/३ चं ९११४ जून २०२२ मध्ये. ते कोणी मोडणार नाही. मोडतं ते वाटेत, कुणाच्या तरी फायरवॉलमध्ये, आणि तिथं तुझा हात पोचत नाही.

आता लिबकर्ल काय करतं ते बघ. ३ दिलं की क्विकचा प्रयत्न सुरू होतो आणि घड्याळ चालू होतं. हॅपी आयबॉल्सचा (दोन वाटांची शर्यत लावायच्या पद्धतीचा) डिफॉल्ट वेळ २०० मिलिसेकंद आहे, तेवढ्यात जोडलं नाही तर टीसीपीची बाजूपण सुरू करतं आणि जो आधी पोचेल तो घेतं. शिवाय निम्मा वेळ म्हणजे १०० होऊनही सर्व्हरकडून एक बाइटही आला नसेल तर तेव्हाच टीसीपी सोडतं. म्हणजे त्या ऑफिसात तुला नव्या कनेक्शनमागे साधारण दहावा भाग सेकंदाचा तोटा आहे, मोठ्या फोटोसमोर तो काहीच नाही. पण छोट्या छोट्या शंभर रिक्वेस्ट असतील आणि दर वेळी नवं कनेक्शन उघडत असशील तर बोचेल, म्हणून कनेक्शन परत वापर, दर रिक्वेस्टला नवा हँडल करून फेकू नको.

त्याच्यावर लायब्ररीनं स्वतःची आठवण ठेवायला पाहिजे. या नेटवर्कवर क्विक हरलं, आता थोडा वेळ विचारूच नको. क्रोम ब्राउझरच्या मुळाशी असलेल्या क्रोमियमचा कोड उघडा आहे, त्यात बघशील तर एकदा हरलं की ५ मिनिटं बाजूला ठेवतात, परत हरलं की दुप्पट, असं करत २ दिवसांपर्यंत नेतात. तू एवढं नको करू, पण दुप्पट करत जायची पद्धत घे. आणि आठवण सर्व्हरच्या नावावर एकट्यावर बांधू नको, नेटवर्क आणि सर्व्हर दोन्हीच्या जोडीवर बांध. नाहीतर ऑफिसच्या वायफायवर हरलेलं क्विक बागेत मोबाइल नेटवर आल्यावरपण बंद राहील आणि जिथं त्याची गरज होती तिथंच मिळणार नाही. अँड्रॉइडवर वायफायचं नाव वाचायला जाऊ नको, त्याला लोकेशनची परवानगी मागावी लागते आणि शेतकरी विचारतो की फोटो पाठवायला माझं लोकेशन कशाला. कनेक्टिव्हिटी मॅनेजर नेटवर्कचा हँडल देतो, तो आकडा चावी म्हणून वापर, मेमरीतच ठेव, नेटवर्क बदललं की टाकून दे.

मधेच गप्प होण्याबद्दल. तिथं लिबकर्ल आपोआप वाचवत नाही, तुलाच बघावं लागतं. लो स्पीड लिमिट आणि लो स्पीड टाइम असे दोन ऑप्शन आहेत, इतके सेकंद इतक्यापेक्षा कमी बाइट गेले तर तोड. तुटलं की त्या नेटवर्कवर क्विकला एक फुली मार आणि तीच रिक्वेस्ट २ वर परत पाठव. पण परत पाठवायची तर बॉडी (रिक्वेस्टमधला डेटा, इथं फोटो) पहिल्या बाइटपासून परत वाचता आली पाहिजे. तू कॅमेऱ्याकडून आलेला स्ट्रीम थेट रीड कॉलबॅकला जोडला असशील तर ती मागे जाणार नाही. फाइल असेल तर सीक फंक्शन दे. काही वेळा लिबकर्ल स्वतःच परत पाठवायला जातं आणि मागे जाता आलं नाही तर ६५ नंबरचा एरर देतं, तो दिसला की समज की बॉडी उलट गुंडाळता येत नाहीये.

टेस्टिंगला ऑफिसं फिरत बसू नको. एका जुन्या लॅपटॉपला लिनक्सवर हॉटस्पॉट कर आणि आयपीटेबल्सनं (लिनक्सच्या फायरवॉलनं) यूडीपी ४४३ अडव. दोन्ही तऱ्हेनं अडव, ड्रॉपनं आणि रिजेक्टनं. रिजेक्टमध्ये इथं बंद आहे असं आयसीएमपीचं उत्तर येतं, क्विक लगेच हरतं, सगळं छान दिसतं आणि आपण खूश होतो. ड्रॉपमध्ये काहीच परत येत नाही, खरी ऑफिसं बहुतेक अशीच असतात. तिसरी तऱ्हा म्हणजे फोटो अर्धा गेल्यावर नियम लावायचा, हाताने, घड्याळ बघून. आणि नेटएमनं (लिनक्सवर नेट मुद्दाम बिघडवायच्या सोयीनं) थोडं नुकसान आणि थोडी दिरंगाई घालून बघ, पालच्या रस्त्याची रेंज टेबलावर आणता येते.

डिफॉल्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे, चालू ठेव, पण ॲप लिहिणाऱ्याला आकडा निवडायला देऊ नको. ॲपलनं २०२१ मध्ये आयओएस १५ पासून यूआरएलसेशनमध्ये ३ चालू केलं, ॲपवाल्याला एक ओळ लिहावी लागली नाही. डॉटनेटनं ७ मध्ये, २०२२ साली, पूर्ण आधार दिला आणि तिथं व्हर्जन वेगळं आणि त्याचं धोरण वेगळं ठेवलंय, हेच किंवा खालचं, हेच किंवा वरचं, आणि नेमकं हेच. नेमकं हेच मागायला मुद्दाम हात पुढे करावा लागतो, चुकून लागत नाही. तुझ्या लायब्ररीत ३ओन्ली फक्त टेस्ट बिल्डमध्ये राहू दे.


पांझरा_जुना_गडी, धुळे

तुझ्या साथीदाराचं थोडं ऐक असं मी म्हणेन. ३ काढून टाक असं नाही म्हणत, पण दुखणं नक्की कुठलं ते बघ.

एकाच मोठ्या फोटोला वेगळ्या स्ट्रीमचा काही फायदा नाही, एकच स्ट्रीम आहे. नेटवर्कवरची गर्दी सांभाळायचं गणितपण दोन्हीकडे जवळपास एकाच घराण्यातलं, पॅकेट हरवलं की क्विकपण हळू होतं. हरवलेलं पॅकेट ओळखण्यात क्विक बरंय हे मान्य, परत पाठवलेल्याला नवा नंबर मिळतो म्हणून पोच कुणाची हा गोंधळ होत नाही. जोडणीचा एक फेराही वाचतो, टीसीपी आणि टीएलएस १.३ (कूटलेखनाचा थर) मिळून जाण्यायेण्याचे दोन फेरे जातात आणि मग रिक्वेस्ट निघते, क्विकमध्ये एका फेऱ्यात. पण रेंज पूर्ण गेली, पोरगा नाल्यात उतरला, तर कुठलाही प्रोटोकॉल काय करणार?

तिथं तुकड्यातुकड्यानं अपलोड पाहिजे. सर्व्हरला विचारायचं किती बाइट पोचले, तिथून पुढे चालू करायचं. टस नावाचा खुला प्रोटोकॉल याचसाठी आहे, तो एचटीटीपी/१.१ वरपण चालतो. आणि फोटो फोनवरच लहान कर, बारा मेगापिक्सेलचा घड व्यापाऱ्याला नको असतो, त्याला फणीची भरण आणि सालीवरचे डाग दिसले की झालं. मी साक्रीकडच्या कांदा व्यापाऱ्यांना हेच करून दिलं, आधी फोटो लहान केले आणि तुकडे पाडले, तेव्हा तक्रारी थांबल्या, प्रोटोकॉलला हात लावलाच नव्हता.

अजून एक. तुझ्या विंडोज प्रोग्रामात कुठं स्टेटसचा मजकूर तपासत असशील, म्हणजे २०० नंतरचा "ओके", तर तो शोधून काढ. २ आणि ३ मध्ये तो मजकूर पाठवतच नाहीत, नुसता आकडा येतो. हेडरची नावंपण सगळी लहान अक्षरात येतात. २ वर असताना निभावलं असेल तर ३ वरही निभावेल, पण काट्यावरचे जुने प्रोग्राम १.१ च्या काळातले असतात.


केळीपट्टा_सीपीपी, जळगाव

दादा, फोटो लहान करायचं आम्ही करतोच, पण तुकडे नाही पाडत, ते डोक्यात घेतलं. "ओके" मात्र खरंच सापडला. काट्याच्या प्रोग्रामात एका जागी मजकूर बघून पावती हिरवी करत होतो. तो प्रोग्राम अजून १.१ वरच बांधलेला होता म्हणून आजवर कळलं नाही.


गिरणाकाठची, चाळीसगाव

परत पाठवायचा विषय निघाला म्हणून लिहिते, कारण लोकोशेडदादांनी बॉडी परत वाचायचं सांगितलं पण त्याच्या आधीची एक गोष्ट राहिली.

मी एका जिनिंगच्या कामासाठी कापसाच्या काट्याचं ॲप सांभाळत होते. रिट्राय मीच लिहिला होता आणि मला तो फार चांगला वाटत होता, टाइमआउट झाला की तीच पोस्ट रिक्वेस्ट (नोंद पाठवणारी) परत. एके दिवशी एक शेतकरी काका हातात दोन कागद घेऊन आले. एक त्यांची काट्यावरची पावती, दुसरी आमच्या ॲपची प्रिंट. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, तीच गाडी, तेच वजन, किलोपर्यंत तेच, वेळेत फक्त एका मिनिटाचा फरक, आणि दोन ओळी. म्हणाले, "पोरी, मी एकच गाडी आणेल शे, दुसऱ्या गाडीचं पैसं माझ्या नावावर पडलं तर उद्या मलाच चोर म्हणतील." त्यांना जास्तीचे पैसे मिळत होते आणि ते परत द्यायला आले होते. मला तो दिवस अजून आठवतो.

झालं असं होतं की पहिली पोस्ट सर्व्हरवर पोचली होती, नोंद झाली होती, फक्त उत्तर परत येताना हरवलं. ॲपला वाटलं गेलीच नाही.

म्हणून तुम्ही क्विकवरून २ वर उतरताना हे आधी ठरवा. हँडशेकच झाला नाही तर बिनधास्त उतरा, रिक्वेस्ट निघालीच नव्हती. पण रिक्वेस्ट निघाली आणि मग गप्प झालं, तर पोचली की नाही हे फोनला कळूच शकत नाही. एचटीटीपी/३ मध्ये सर्व्हर काही वेळा स्पष्ट सांगतो, रिक्वेस्ट रिजेक्टेड असा एरर कोड आला तर त्यानं त्या रिक्वेस्टवर काहीच काम केलेलं नाही, परत पाठवायला हरकत नाही. गोअवे (कनेक्शन बंद करतोय असा सर्व्हरचा निरोप) आला तरी त्यात स्ट्रीमचा नंबर असतो, तो आणि त्याच्या पुढच्या रिक्वेस्ट हाताळल्या नाहीत असा अर्थ. पण नेट मेलं की यातलं काहीच येत नाही.

उपाय एकच, प्रत्येक पावतीला फोनवरच एक न बदलणारी चावी द्या, पावती तयार होते त्या क्षणी, पाठवताना नाही. सर्व्हरनं ती चावी आधी पाहिली असेल तर नवी ओळ करायची नाही, जुनंच उत्तर परत द्यायचं. चावी पाठवताना बनवली तर दर रिट्रायला नवी बनते आणि काहीच उपयोग नाही, हे मी बघितलंय.

आणि झिरो आरटीटी. जुन्या ओळखीवर पहिल्याच पॅकेटमध्ये रिक्वेस्ट पाठवता येते, वाचायला फार भारी वाटतं. पण ते पॅकेट वाटेत कुणी पकडून परत सोडलं तर सर्व्हरला दोनदा मिळू शकतं. याच्यासाठी आरएफसी ८४७० आहे, सर्व्हर ४२५ देऊन सांगू शकतो की हे फार लवकर आलं, हँडशेक झाल्यावर परत दे. पण सर्व्हर ते करेलच यावर विसंबू नका. बाजारभाव बघायच्या गेट रिक्वेस्टला (नुसतं वाचणाऱ्या) वापरायचं तर वापरा, पावतीच्या पोस्टला कधीच नको.


लोकोशेड_नेट, भुसावळ

ताई, हे माझ्याकडून सुटलं होतं आणि हे सगळ्यात आधी यायला पाहिजे होतं. केळीपट्टा, तू ताईंचं आधी कर, माझं नंतर.


तोरणमाळ_रेंज, नंदुरबार

सर्व्हरच्या बाजूनं थोडं. मी अक्कलकुवा-धडगाव भागातल्या एका कामाचा सर्व्हर बघतो, सीडीएन नाही, आपलाच एनजिनएक्स वेबसर्व्हर. त्यात १.२५.० पासून, म्हणजे २०२३ पासून, ३ आलंय. मी सगळं लिहिलं, ऑल्ट-एसव्हीसी हेडरपण लावला, आणि क्लाउडच्या फायरवॉलमध्ये ४४३ फक्त टीसीपीचाच उघडा होता. म्हणजे सर्व्हर सगळ्यांना सांगत होता की माझ्याकडे ३ आहे या, आणि दार बंद. ब्राउझर गुपचूप २ वर येत होते म्हणून कुणाला पत्ताच नव्हता. तुमच्या लायब्ररीत कुठल्या व्हर्जनवर गेलं हे लॉगमध्ये लिहा, लिबकर्लला विचारता येतं, नाहीतर चालू आहे असं समजून महिने जातात.

ऑल्ट-एसव्हीसीत एमए म्हणजे किती सेकंद लक्षात ठेवायचं ते. लोक ८६४०० टाकतात, एक दिवस. सुरुवातीला ३०० टाका. काही बिघडलं तर लवकर विसरतील. आणि मागे घ्यायचं तर हेडर नुसता काढू नका, त्यात क्लिअर असं पाठवा म्हणजे क्लायंट जुनं टाकून देतो.


पांझरा_जुना_गडी, धुळे

ऑल्ट-एसव्हीसी निघालंच आहे तर, केळीपट्टा, तू थेट ३ मागतोयस म्हणजे ज्या सर्व्हरवर ३ नाही तिथंपण आधी हाक मारतोस. लिबकर्लमध्ये ऑल्ट-एसव्हीसीची फाइल ठेवता येते, पहिली भेट २ वर, सर्व्हरनं सांगितलं तर पुढची ३ वर. आपल्या स्वतःच्या सर्व्हरला थेट ३ ठीक आहे, दुसऱ्यांच्या सर्व्हरला ही पद्धत बरी.


केळीपट्टा_सीपीपी, जळगाव

सगळ्यांना हात जोडून. दहा दिवसांनी लिहितोय कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

सगळ्यात आधी ताईंची चावी घातली. पावतीचा फॉर्म उघडला की चावी तयार होते, फोनमध्ये पावतीबरोबर साठते, ॲप मारून परत उघडलं तरी तीच. सर्व्हरवर त्या चावीवर युनिक इंडेक्स. मग मुद्दाम उत्तर येतानाच नेट तोडून बघितलं, चार वेळा तोडलं, पाचव्यांदा जाऊ दिलं, सर्व्हरवर ओळ एकच. ताई, त्या काकांची गोष्ट मी ऑफिसात वाचून दाखवली.

३ओन्ली लायब्ररीतून काढला, फक्त टेस्ट बिल्डमध्ये राहिलाय. बाहेर ॲपवाल्याला आता दोनच गोष्टी दिसतात, आपोआप किंवा जुनंच. आपोआपमध्ये आपल्या सर्व्हरला ३, नकाशाच्या आणि बाजारभावाच्या सर्व्हरना ऑल्ट-एसव्हीसीनं. हरलं की पहिल्यांदा ५ मिनिटं, मग दुप्पट, तासाच्या वर नाही, कारण आमचा पोरगा एका जागी तासापेक्षा जास्त थांबत नाही. झिरो आरटीटीला हात लावलेला नाही.

हॉटस्पॉटवर ड्रॉप आणि रिजेक्ट दोन्ही केलं आणि लोकोशेडदादा म्हणाले तेच झालं, रिजेक्टमध्ये सगळं हिरवं आणि ड्रॉपमध्ये एक चूक सापडली. आम्ही "हरलं" ची नोंद फक्त एरर आल्यावर करत होतो, पण टीसीपी जिंकल्यावर एरर येतच नाही, रिक्वेस्ट यशस्वीच असते, म्हणजे नोंद कधीच होत नव्हती आणि दर वेळी परत यूडीपीवर हाक. आता ३ मागितलं होतं आणि गेलं २ वर असं दिसलं की नोंद होते. व्हर्जन लॉगमध्ये लिहायला लागलो म्हणूनच हे दिसलं, तोरणमाळ भाऊंचे आभार.

रविवारी जळगावहून नंदुरबारला गाडीत बसून गेलो, अमळनेर-दोंडाईचाच्या वाटेवर खिडकीत फोन धरून सारखे फोटो पाठवत होतो. एक गोष्ट वेगळी दिसली, फोटोमध्ये मिनिटभराची गॅप ठेवली की कधी पुढचा फोटो जुन्याच कनेक्शनवर जातो, कधी नवं हँडशेक होतं. बागेतपण पोरगा एका खोडापासून दुसऱ्याकडे चालत जातो तेव्हा अशीच गॅप पडते. हे कशानं?


लोकोशेड_नेट, भुसावळ

नोंद न होण्याची चूक शोधलीस ते फार चांगलं केलंस, ती भल्याभल्यांच्या कोडमध्ये असते.

गॅपचं सांगतो. वाटेतले एनएटी (पत्ते बदलून पुढे पाठवणारे राउटर) यूडीपी लवकर विसरतात, आरएफसी ९००० मध्येच लिहिलंय की बहुतेकांनी विसरू नये म्हणून दर ३० सेकंदांनी काहीतरी पाठवावं लागतं असा अनुभव आहे. टीसीपी असतं तर विसरल्यावर कनेक्शन मेलंच. क्विकमध्ये कनेक्शनचा स्वतःचा आयडी असतो, पत्ता आणि पोर्ट बदललं तरी सर्व्हर आयडीवरून ओळखतो, नवी वाट तपासतो आणि पुढे चालू. म्हणून तुझा फोटो जुन्यावरच गेला. पण दोन्ही बाजूंनी गप्प राहायची मुदतपण सांगितलेली असते, त्यातली लहान मुदत संपली की दोघं काही न बोलता कनेक्शन सोडून देतात, मग नवं हँडशेक. दोन्ही बरोबर आहेत.

पिंग पाठवत राहून कनेक्शन जागं ठेवायचा मोह होईल. करू नको. पोराची बॅटरी दिवसभर पुरली पाहिजे आणि नव्या जोडणीला एकच फेरा लागतो. वायफाय सोडून मोबाइल नेटवर जाणं मात्र वेगळी गोष्ट आहे, प्रोटोकॉलमध्ये स्थलांतराची सोय आहे पण ते लायब्ररीनं स्वतः सुरू करावं लागतं, त्याच्या भरवशावर बसू नको. तिथं पांझरादादांचे तुकडेच कामाला येतात.


केळीपट्टा_सीपीपी, जळगाव

कळलं. पिंग नाही घालत.

तुकड्यांचं काम पुढच्या आठवड्यात घेतोय. काट्याच्या विंडोज प्रोग्रामात सध्या "जुनंच" ठेवलंय, तिथं तारेचं नेट आहे, काही ठिकाणी प्रॉक्सी आहे आणि साधी प्रॉक्सी टीसीपीच नेते, यूडीपी नेत नाही, मग ३ चा उपयोग नाही. बागेतल्या ॲपमध्ये चालू.

काल त्या खरेदीदाराच्या ऑफिसात परत गेलो, तेच वायफाय, तोच फोन. फोटो गेला, लॉगमध्ये २. बाहेर येऊन गाडीजवळ मोबाइल नेटवर दुसरा पाठवला, लॉगमध्ये ३. साथीदार माझ्यासोबत होता, त्यानंच फोन हातात घेऊन दोन्ही बघितले, आणि ब्रँच त्यानं स्वतः मर्ज केली.

तोरणमाळ भाऊ, धडगावकडे कुणी फोन धरून फिरणार असेल तर बिल्ड पाठवतो, घाटातली रेंज आमच्याकडे टेबलावर अजून नीट उतरली नाही.


तोरणमाळ_रेंज, नंदुरबार

पाठव भाऊ. गुरुवारी शहाद्याहून धडगावच्या एसटीनं जातोय, येताना मोलगीमार्गे. दोन सिम आहेत, दोन्हीवर लावतो आणि लॉग तुला देतो.